कासववादकाचं चित्र घरी नेताना

हे चित्र हातात घेतलं की आधी वजन जाणवतं, कारण ते कॅनव्हासवर नाही. प्लायवर हातकागदाचे तुकडे डकवले, त्यावर संगमरवराची भुकटी बाइंडरमध्ये कालवून लिंपली, ओल्यातच खिळ्याने रेघा ओढल्या. वाळल्यावर अ‍ॅक्रिलिक आणि शेवटी कोळसा. केसासारख्या बारीक भेगा आम्ही मुद्दाम राहू दिल्या आहेत. पोपडा सुटायला लागला तर मात्र आणून द्या, बसवून देऊ.

विषय मेक्सिकोतल्या चियापास राज्यातला आहे. तिथल्या जंगलात बोनाम्पाक इथे तीन खोल्यांची एक छोटी इमारत आहे. इ.स. ७९०च्या सुमारास माया या तिथल्या प्राचीन संस्कृतीतल्या चित्रकारांनी तिच्या आतल्या भिंती थेट छतापर्यंत रंगवल्या. १९४६ मध्ये त्यांचे फोटो निघाले आणि बाहेरच्या जगाला त्या कळल्या. पहिल्या खोलीत वादकांची रांग आहे: लांबलचक कर्णे, खुळखुळे, उभा ढोल आणि हरणाच्या शिंगाने कासवाची पाठ वाजवणारे. आम्ही त्यातला एक कासववादक घेतला. ही नक्कल नाही. मूळ भिंतीवर तो असा एकटा नाही आणि इतका मोठाही नाही.

सगळ्यात जास्त विचारणा निळ्याची होते. माया लोक नीळ आणि पॅलिगोर्स्काइट नावाची पांढरी माती एकत्र तापवून हा रंग करत. निळीचा रंग मातीच्या अतिसूक्ष्म पोकळ्यांत अडकतो, म्हणून एरवी उन्हात विटणारी नीळ तिथे शतकानुशतकं टिकली. आम्लानेसुद्धा ती सहज उतरत नाही. आमचा निळा तो नव्हे. आम्ही अ‍ॅक्रिलिकचे दोन निळे आणि किंचित हिरवा मिसळून त्या छटेच्या जवळ गेलो आहोत, एवढंच.

सोनेरी वर्ख लावून देता का, असंही विचारतात. नाही लावत. बोनाम्पाकच्या काळात माया दरबारात मान होता तो जेड या हिरव्या मौल्यवान दगडाला. पालेंके या माया नगराचा राजा पाकाल इ.स. ६८३ मध्ये वारला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जेडचाच मुखवटा होता. म्हणून वादकाच्या कानातलं हिरवं आहे.

आमच्या पहिल्या काही चित्रांत माया लिपीतली चिन्हं नुसती शोभेला टाकली होती. एका ग्राहकाच्या मुलीने विचारलं, “इथे काय लिहिलंय?” आम्ही गप्प! ती खरी, वाचता येणारी लिपी आहे, नक्षी नाही. तेव्हापासून आम्ही फक्त आकडे घालतो. टिंब म्हणजे १, आडवी रेघ म्हणजे ५, आणि स्थानं खालून वर विसाच्या पटीत चढतात. उजव्या कोपऱ्यात वर रेघ, मध्ये टिंब, खाली रेघ दिसेल: ५ गुणिले ४००, १ गुणिले २०, अधिक ५, म्हणजे २०२५. (माया पंचांगात तिसरं स्थान ४००चं नसून ३६०चं असतं. आम्ही साधी मोजणी धरली.)

टांगताना दोन हूक वापरा, एका खिळ्यावर भरवसा नको. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर लावू नका, हातकागद फुगतो. धूळ कोरड्या मऊ ब्रशने झटका. ओलं फडकं फिरवलंत तर कोळसा पसरेल. मागची चिठ्ठी काढू नका. तिच्यावर वापरलेल्या रंगांचे क्रमांक आहेत, दुरुस्तीच्या वेळी आम्हाला तेच लागतात.