पोट्ट्याला काय समजते?

घरात मयत झाली की वऱ्हाडात कुणीतरी हमखास म्हणतं, "पोट्ट्याला काय समजते? खेळू द्या त्याला." यवतमाळ-अमरावतीत कर्जापायी बाप गेलेली घरं कमी नाहीत. भेटायला येणारे आईशी बोलतात, काकाला बँकेचं विचारतात. सात वर्षांचं पोरगं दाराशी उभं राहून ऐकत असतं.

त्याला कर्ज कळत नसेल, भीती कळते. मेंदूतला अमिग्डाला नावाचा छोटा भाग धोका हेरतो, मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींमधून कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सुटतं, छाती धडधडते. धोका टळला की हे निवळायला हवं. पण रोजच दारू, मारझोड, सावकाराचा तगादा असला, तर वाढत्या मेंदूला तीच अवस्था अंगवळणी पडते. काहींचं उलट होतं: कॉर्टिसॉल वाढायला हवं तेव्हाही वाढत नाही.

समजा, बाप फवारणीचं औषध पिऊन गेला. पोरगं आता तिशीतलं. पऱ्हाटीवर फवारायला पंप भरतो, झाकण उघडताच वास येतो आणि हात कापू लागतात. डोळ्यांपुढे काही येत नाही, नुसता घाम फुटतो. वासाची वाट अमिग्डालापर्यंत फार जवळची आहे. आठवण येण्याआधीच भीती पोचते. घरचे म्हणतात, बाहेरचं असेल.

अमेरिकेत फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी १९९५ ते १९९७ दरम्यान १७,००० हून अधिक प्रौढांना बालपणाबद्दल विचारलं. मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातलं व्यसन अशा चार किंवा जास्त प्रकारच्या गोष्टी सोसलेल्यांमध्ये दारूचं व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका असं काहीच न सोसलेल्यांच्या ४ ते १२ पट आढळला. हृदयविकारही जास्त. नापिकी त्या प्रश्नांत नव्हतीच. आपल्याकडे ती आधी विचारावी लागेल. आणि हे आकडे समूहाचे आहेत, कुणा एकाची पत्रिका नव्हे.

हवाई बेटांतल्या काउआईवर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी अनेक दशकं मागोवा घेतला. अतिशय खडतर घरांतली साधारण एक तृतीयांश मुलं नीट सावरली. त्यांच्यापाशी बहुधा एक तरी कायमचं, भरवशाचं मोठं माणूस होतं. आपल्याकडे ते आजी असेल, मामा असेल, नाहीतर जिल्हा परिषद शाळेतले सर.

पोराला "बाबा गावाला गेले" सांगून भागत नाही; साध्या शब्दांत खरं सांगावं, पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगावं. आणि पंप भरताना हात कापणाऱ्यालाही उपचार आहेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फुकट, मराठीत बोलता येतं, रात्री दोनलासुद्धा.