घरतारण कर्जाचा खर्च

मालकीचे घर तारण ठेवून उचललेल्या कर्जापोटी ऋणकोवर पडणारा व्याज, शुल्के व करांचा एकूण भार.

तारणी कर्जाच्या व्याजाचा जुना दर याज्ञवल्क्यस्मृतीत मिळतो. ही स्मृती बहुतेक अभ्यासक इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतील मानतात. बंधक (तारण) असेल तर दरमहा मुद्दलाचा ऐंशीवा भाग, म्हणजे वर्षाला शेकडा 15, असे ती सांगते. दामदुपटीचा नियमही स्मृतींतलाच : एका वेळी वसूल करायचे थकीत व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये. ब्रिटिश अमदानीत तो कोणाला लागू, यावर न्यायालयांत एकमत नव्हते. मुंबई इलाख्यात ऋणको हिंदू असला की पुरे. कलकत्त्यात दोन्ही पक्ष हिंदू लागत. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमानंतर गहाणांना तो लागू नाही, असे मद्रासने धरले. मुंबईने लागू ठेवला. नियमाचा हेतू ऋणकोचे रक्षण हा असल्याने मुंबईचे मत अधिक सयुक्तिक वाटते.

वेळेवर फेडलेले व्याज मात्र या मर्यादेत मोजले जात नाही. 20 लाख रुपये 10 टक्क्यांनी 15 वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे 21,492 रुपये बसतो आणि व्याजच 18.69 लाखांच्या घरात जाते.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 58 मधील गहाणाच्या सहा प्रकारांपैकी हक्कलेख (मालकीचे मूळ कागद) जमा करून केलेले गहाण बँकांना सोयीचे, कारण गहाणखत नोंदवावे लागत नाही. मूळ तरतूद कलकत्ता, मद्रास, मुंबई आणि शासन अधिसूचित करील त्या शहरांपुरती. अट कागद तेथे जमा होण्याची आहे, घर तेथे असण्याची नाही. कोकणातल्या घराचे मूळ खरेदीखत मुंबईच्या शाखेत ठेवले तरी गहाण पुरे होते. महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क पडते, आणि 2013 पासून ऋणकोने 30 दिवसांत दुय्यम निबंधकाकडे गहाणाची नोटीस दाखल करायची असते.

बाकीचे आकार : प्रक्रिया शुल्क (20 लाखांवर 1 टक्का धरल्यास 18 टक्के जीएसटीसह 23,600 रुपये), वकिलाचा सर्च रिपोर्ट (घराची मालकी व बोजे तपासल्याचा अहवाल), मूल्यांकन. कर्ज नामंजूर झाले तरी यांतले पैसे बहुधा परत मिळत नाहीत. 1 ऑक्टोबर 2024 पासून बँकेने की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये (कर्जाच्या मुख्य अटी व खर्च सांगणाऱ्या पत्रकात) शुल्कांसह वार्षिक टक्केवारी दर द्यावा लागतो. सही करण्यापूर्वी जाहिरातीतल्या दरापेक्षा हाच आकडा पाहावा.

कर्ज फिटल्यावर मूळ कागद 30 दिवसांत परत मिळायला हवेत. बँकेकडून उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या 2023 च्या आदेशानुसार ऋणकोला दिवसाला 5,000 रुपये भरपाई मिळते.