लक्ष ठेवणं वेगळं, पाळत ठेवणं वेगळं

नवरा फोन पालथा ठेवायला लागला. दहावीतली मुलगी रात्री दोन वाजता पांघरुणात उजेड करून बसते. सत्तरीतल्या आईनं एफडी मोडली आणि कशाला ते सांगत नाही. तिन्ही घरांत पुढचं वाक्य ठरलेलं: ‘आता जरा लक्ष ठेवायला हवं.’ आणि या वाक्याच्या आडून जे सुरू होतं, ती बहुतेकदा पाळत असते.

दोन्हींची गल्लत होते, कारण फोन तोच असतो आणि अ‍ॅपही पुष्कळदा तेच. मुलीनं गूगल मॅप्सवर आपलं लोकेशन आईला स्वतः शेअर केलं, तर ते लक्ष. ती आंघोळीला गेली असताना कुणी तिच्या फोनवरून ते स्वतःला पाठवून घेतलं, तर ती पाळत. ओळखायची खूण एकच: समोरच्याला सांगून टाकल्यावरही ती सोय उपयोगाची राहते का? राहत असेल तर लक्ष. सांगितल्याबरोबर फुकट जात असेल तर पाळत. शिवाय लक्ष ठेवणाऱ्याचं मागणं ठरलेलं असतं: क्लासला पोचल्याचं कळावं, अकरानंतर फोन बंद व्हावा. पाळत ठेवणाऱ्याला काहीतरी सापडायलाच हवं असतं. नाही सापडलं, तर ‘आपलं शोधणं कमी पडलं’ असं समजून तो आणखी खोल जातो.

मुलांच्या बाबतीत उघड लक्ष ठेवायची साधनं बरी आहेत. अँड्रॉइडवर गूगलचं फॅमिली लिंक: पालकाच्या फोनवर अ‍ॅप घ्यायचं आणि मुलाच्या फोनवर सेटिंग्जमध्ये गूगल या भागात जाऊन पॅरेंटल कंट्रोल सुरू करायचा. त्यातून दिवसाची वेळ बांधता येते, रात्री फोन आपोआप बंद करता येतो, नवीन अ‍ॅप टाकताना पालकाकडे विचारणा येते, लोकेशन दिसतं. मेसेज वाचता येत नाहीत, कॉल ऐकता येत नाहीत आणि मुलाच्या फोनवर देखरेख चालू असल्याचं दिसत राहतं. पालकांना ही उणीव वाटते, पण साधन टिकतं ते याच मर्यादेमुळे. मोठ्या मुलाच्या आधीपासूनच्या खात्यावर ते लावायचं तर त्याची संमती लागते. ती मिळवताना जी वादावादी होते, तीच खरी उपयोगाची. आयफोनवर हेच काम स्क्रीन टाइम करतं; फक्त त्याचा पासकोड मुलाच्या जन्मतारखेचा ठेवू नका, पहिल्या दिवशी फुटतो.

नवरा-बायकोंत गोष्ट निराळी. दोघंही सज्ञान, त्यामुळे एकतर्फी ‘लक्ष’ असं काही उरतच नाही. दोघांनी दोघांना लोकेशन शेअर करणं ठीक. पण घरोघरी प्रत्यक्षात वापरला जाणारा रस्ता व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंक्ड डिव्हाइसेसचा. फोन अर्धा मिनिट हाती लागला की लॅपटॉपवरचा क्यूआर कोड स्कॅन करायचा. मग मूळ फोन बंद असला तरी तिकडे मेसेज येत राहतात. अशी चार उपकरणं जोडता येतात. पण मूळ फोनमध्ये त्याच लिंक्ड डिव्हाइसेसच्या यादीत ते उपकरण शेवटच्या वापराच्या वेळेसकट दिसतं. म्हणजे ही चोरी लपणारी नाही, उशिरा कळणारी आहे. आणि कळली, की मूळ संशय खरा होता की खोटा हा प्रश्न मागे पडतो; भांडण या चोरीवरच होतं.

त्याहून मोठी अडचण अशी, की पाळतीतून मिळतो तो पुरावा वाचणाऱ्याच्या मनातला संशयच परत वाचून दाखवतो.

उदाहरणार्थ नकाशा. भूमिगत मेट्रोत जीपीएस मिळत नाही. पुण्यात सिव्हिल कोर्टला गाडीत बसून स्वारगेटला उतरणाऱ्याचा ठिपका मधल्या वेळात एक तर सिव्हिल कोर्टलाच गोठतो, नाही तर मंडईच्या आसपास कुठेतरी उडी मारतो. आता हाच ठिपका लालबत्तीच्या वस्तीमुळे बदनाम असलेल्या बुधवार पेठेत थांबलेला दिसला, तर पुण्यातल्या बायकोच्या मनात काय येईल हे सांगायला नको. पण त्याच पेठेत तपकीर गल्लीतलं इलेक्ट्रिकचं सामान आहे, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकं आहेत, दगडूशेठ आहे. ठिपक्याभोवतीचं फिकट निळं वर्तुळ बघा. ते जेवढं मोठं, तेवढी फोनला स्वतःच्या जागेची खात्री कमी. दोनशे मीटरचं वर्तुळ असेल, तर दुकान आणि देऊळ दोन्ही त्यातच आलं.

व्हॉट्सअ‍ॅपवरचं ‘ऑनलाइन’ म्हणजे ते अ‍ॅप उघडं आहे, एवढंच. कुणाशी बोलणं चाललंय असं त्यातून ठरत नाही. दोन जणांच्या ‘ऑनलाइन’च्या वेळा वहीत लिहून जुळवणारे लोक आहेत. रात्री साडेदहाला निम्मं पुणे ऑनलाइन असतं, वेळा जुळणारच. प्ले स्टोअरमधली जुन्या अ‍ॅपची यादी फोनची नसते, गूगल खात्याची असते. तेच खाते भाच्याच्या टॅबवर असेल, तर त्यानं टाकून काढलेलं अ‍ॅपही मामांच्या यादीत येतं. अनोळखी साइटचा ओटीपी आला, तर आधी नंबर किती जुना आहे ते विचारा. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला देता येतो आणि आधीच्या मालकाचे मेसेज नव्याला येत राहतात. डेटिंग अ‍ॅपची जाहिरात दिसणं हा तर पुरावाच नव्हे.

गुप्त अ‍ॅप हा पाळतीचा शेवटचा टप्पा. ‘मुलांच्या सुरक्षेसाठी’ म्हणून विकली जाणारी ही अ‍ॅप प्ले स्टोअरवर सहसा नसतात. ऑक्टोबर २०२० पासून गूगलनं छुप्या पाळतीच्या अ‍ॅपना तिथं मनाई केली आहे. ती बाहेरून उतरवावी लागतात, त्यासाठी आधी प्ले प्रोटेक्ट हा गूगलचा पहारेकरी बंद करावा लागतो, मग अ‍ॅक्सेसिबिलिटी (म्हणजे पडद्यावरचं वाचायची) आणि नोटिफिकेशन वाचायची परवानगी द्यावी लागते. म्हणजे आपल्याच माणसाच्या फोनची कडी आपणच आतून काढून ठेवायची. नोटिफिकेशनमध्ये बँकेचे ओटीपीही असतात आणि हे सगळं एका परक्या कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन पडतं. असलंच अ‍ॅप विकणाऱ्या एमस्पाय या कंपनीचा डेटा २०१५, २०१८ आणि २०२४ असा तीनदा फुटला. त्यात पाळत ठेवणाऱ्या गिऱ्हाइकांचेही तपशील होते.

कायद्याचं थोडक्यात. दुसऱ्याच्या फोनमध्ये परवानगीवाचून अप्रामाणिक हेतूनं शिरलं, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरण्यासाठी ६६सी आहे. एखाद्या बाईच्या इंटरनेट, ईमेलवर पुरुषानं पाळत ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये येतं आणि त्यात नवऱ्याला वेगळी सूट लिहिलेली नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जोडीदाराचे गुपचूप रेकॉर्ड केलेले कॉल घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून चालतील असं म्हटलं, तेव्हापासून ‘आता सगळं चालतं’ असा समज पसरला. पुरावा दाखल होणं म्हणजे केलेलं कृत्य कायदेशीर ठरणं नव्हे. नवरा-बायको एकमेकांवर पाळत ठेवण्यापर्यंत आले असतील, तर ते मोडलेल्या नात्याचंच लक्षण आहे, अशा अर्थाचं निरीक्षणही त्याच निकालात आहे.

मग संशय आला तर करायचं काय? जे डोळ्यांनी दिसलं तेवढंच बोलायचं. ‘तुझं काहीतरी चाललंय’ याला उत्तर एकच येतं: ‘काही नाही.’ त्यापेक्षा, ‘या आठवड्यात तीनदा रात्री दीडनंतर तू हॉलमध्ये फोनवर होतास. मला धास्ती वाटते. पैशांचं काही आहे का?’ असं विचारा. रात्री दोनला नको, त्याचा फोन हातात धरून तर नकोच. तळजाईच्या टेकडीवर चालता चालता विचारलेलं जास्त बरं. समोरासमोर बसून सांगता न येणारी गोष्ट शेजारी चालताना सांगून होते. पैशांचा प्रश्न काढायचं कारण असं, की लपवलेल्या गोष्टीत दुसरी बाई किंवा दुसरा पुरुषच असतो असं नाही. कर्जाची अ‍ॅप असतात, रमी असते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये कायद्यानं बंदी आली, तेव्हापासून ते सांगायला आणखीच अवघड झालंय. इथं उघड लक्ष ठेवायचा एक चांगला मार्ग आहे. कर्जांची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो, त्यात अ‍ॅपवरून घेतलेली नोंदणीकृत कर्जंही दिसतात. तो काढायला त्याच माणसाचा ओटीपी लागतो, त्यामुळे दोघांनी शेजारी बसूनच काढावा लागतो.

आईच्या एफडीचं मात्र थांबायचं काम नाही. दार लावून तासन्‌तास व्हिडिओ कॉल, ‘कुणाला सांगू नको’ असा धाक आणि मोडलेली ठेव ही ‘डिजिटल अटके’च्या फसवणुकीची ठरलेली लक्षणं. तोतया पोलीस कॉलवरच ‘तुम्हाला अटक झालीय’ असं भासवतात; असली अटक कायद्यात नाही. इथं पुरावे गोळा करत बसाल तर पैसे चार खाती ओलांडून गेलेले असतील. दार वाजवा, कॉल तोडा, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, बँकेला कळवा.

आणि पाळत आपल्यावरच आहे अशी शंका असेल तर प्ले स्टोअरमध्ये प्ले प्रोटेक्ट चालू आहे का ते पाहा. मग अ‍ॅक्सेसिबिलिटी, नोटिफिकेशन अ‍ॅक्सेस आणि डिव्हाइस अ‍ॅडमिन या तिन्ही याद्यांत ‘सिस्टिम सर्व्हिस’ छापाचं, आपण न टाकलेलं नाव शोधा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली सेफ्टी चेक आहे. घरात मारहाण किंवा धमक्या असतील, तर सापडलेलं अ‍ॅप लगेच काढू नका, काढल्याचं पलीकडे कळतं. आधी दुसऱ्या फोननं त्या पडद्यांचे फोटो काढा, तारीख लिहून ठेवा. मदतीसाठी शोध किंवा फोन करायचा तो त्या फोनवरून नाही, मैत्रिणीच्या किंवा ऑफिसच्या फोनवरून. पुणे पोलिसांचा भरोसा सेल याच कामासाठी आहे. तिथं जाताना तो फोन घरीच चार्जिंगला लावून जा.