शहराची हद्द आणि हातातला फोन

ब्रुकलिन म्हटलं की न्यूयॉर्कच डोळ्यांपुढे येतं, पण या विषयातलं ब्रुकलिन वेगळं. ओहायो राज्यात क्लीव्हलंडला खेटून असलेलं हे छोटंसं गाव. १९९९ मध्ये इथल्या नगर परिषदेने गाडी चालवताना फोन हातात धरून बोलायला मनाई केली. अमेरिकेतल्या एखाद्या शहराने घातलेली अशी ही पहिली बंदी. सीटबेल्टची सक्तीही देशात सगळ्यांत आधी याच गावाने केली होती, १९६६ मध्ये. काही गावांना अशी खोडच असते. राज्य विचार करत बसलेलं असतं, तोवर ती नियम करून मोकळी होतात.

गाडी चालवताना मेसेज टाइप करण्यावर शहरांनी बंदी घालावी का, हा प्रश्न अमेरिकेत इतकी वर्षं धुमसला तो त्यातल्या ‘शहरांनी’ या एका शब्दामुळे. मेसेज करत गाडी चालवणं बरं, असं म्हणणारा कोणी शोधूनही सापडायचा नाही. वाद होता तो नियम कोणी करायचा, याचा.

सुरुवातीला चिंता मेसेजची नव्हतीच, बोलण्याची होती. १९९७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये टोरांटोतल्या ६९९ चालकांच्या फोनच्या बिलांचा आणि अपघातांचा ताळा घालणारा अभ्यास आला. फोनवर बोलताना टक्कर होण्याची शक्यता चौपट, असा त्याचा निष्कर्ष. हँड्सफ्रीने धोका कमी झाल्याचं काही दिसत नाही, हेही त्यात होतं. कायदे करणाऱ्यांनी पहिली गोष्ट उचलली आणि दुसरी सोयीस्करपणे बाजूला ठेवली. २००१ मध्ये न्यूयॉर्कने राज्य पातळीवरची पहिली बंदी आणली, ती हातात धरलेल्या फोनवर. कानात इअरफोन घालून बोला, हरकत नाही. डोकं कुठे आहे हे पोलिसाला दिसत नाही, हात दिसतो. कायदा हाताला धरून लिहिला गेला आणि ती अडचण पुढे शेवटपर्यंत सुटली नाही.

पहिला एसएमएस डिसेंबर १९९२ मध्ये इंग्लंडमध्ये गेला, ‘मेरी ख्रिसमस’ एवढाच. त्यानंतर काही वर्षं मेसेज म्हणजे बटणांचा खेळ होता. ‘एस’ हवा असेल तर सातचं बटण चार वेळा दाबायचं. पाचच्या बटणावर एक बारीक उंचवटा असे. अंगठा त्यावर टेकला की बाकीची बटणं न बघताही सापडत. सवयीचे लोक खिशात हात घालून मेसेज लिहीत. गाडीत हे धोक्याचं नव्हतं असं मुळीच नाही, पण निदान नजर रस्त्यावर राहू शकत होती. २००७ च्या जूनमध्ये आयफोन विक्रीला आला आणि बोटाला चाचपायला काही उरलंच नाही. सपाट काचेवर अक्षर शोधायचं तर बघावंच लागतं.

योगायोग असा की पहिल्या बंद्याही त्याच वर्षीच्या. मे महिन्यात वॉशिंग्टन राज्याने चालकांच्या मेसेजवर बंदीचा कायदा केला, असं करणारं ते पहिलं राज्य. सप्टेंबरमध्ये ॲरिझोनातल्या फीनिक्स शहराने स्वतःपुरती तशीच बंदी घातली. ॲरिझोना राज्याने मात्र याबाबत कायदा करायला २०१९ उजाडू दिलं.

मधल्या काळात लोकमत फिरवलं ते एका रेल्वेगाडीने. १२ सप्टेंबर २००८ रोजी लॉस एंजेलिसच्या चॅट्सवर्थ भागात लोकल गाडी लाल सिग्नल ओलांडून मालगाडीवर आदळली आणि २५ जण गेले. गाडीचा चालक काही क्षण आधीपर्यंत मेसेज करत होता, असं तपासात निघालं. वर्षभरात व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांचा आकडा आला. ट्रकमध्ये कॅमेरे बसवून त्यांनी पाहिलं, तर मेसेज करणाऱ्या चालकाचा अपघाताचा किंवा थोडक्यात बचावण्याचा धोका २३ पट होता. सहा सेकंदांच्या टप्प्यात नजर सरासरी ४.६ सेकंद रस्त्यावर नव्हती. ताशी नव्वद किलोमीटरच्या वेगाला एवढ्या वेळात गाडी शंभर मीटरहून जास्त अंतर कापते. (हा आकडा अवजड ट्रकचा होता. पुढे भाषणांतून आणि फलकांवरून तो सरसकट सगळ्यांना चिकटवला गेला.) २००९ च्या शरदात राष्ट्राध्यक्ष ओबामांनी सरकारी गाडी चालवताना किंवा सरकारी कामावर असताना मेसेज करायला केंद्रीय कर्मचाऱ्यांना मनाई केली.

टेक्ससची गोष्ट मात्र सावकाश सांगायला हवी, कारण शहर विरुद्ध राज्य हा सामना तिथे जसा रंगला तसा दुसरीकडे नाही. राजधानी ऑस्टिनने २००९ मध्ये मेसेजबंदीचा ठराव केला आणि हळूहळू इतर शहरंही त्या वाटेने गेली. २०११ मध्ये राज्य विधिमंडळानेही कायदा मंजूर केला, पण गव्हर्नर रिक पेरी यांनी नकाराधिकार वापरला. सज्ञान माणसांच्या बारीकसारीक वागण्यात सरकारने नाक खुपसू नये, असं त्यांचं म्हणणं. शहरं थांबली नाहीत. २०१७ पर्यंत शंभराच्या आसपास शहरांचे आपापले नियम झाले होते. कुठे फक्त मेसेज बंद, कुठे फोन हातात धरणंच बंद. सरळ हमरस्त्याने जाणारा माणूस तासाभरात तीन-चार वेगवेगळ्या नियमांतून जायचा आणि हद्दीवरची पाटी चुकली तर दंडाची पावती फाडून घ्यायचा.

शहरांच्या बंदीविरुद्धचा सगळ्यांत वजनदार मुद्दा हाच, आणि तो खोटा नाही. रस्ता एकसलग असतो, नियम तुकड्यातुकड्यांचा का? पण टेक्ससमध्ये हा मुद्दा मांडणाऱ्यांपैकी अनेकांना राज्याचा एकसलग कायदाही नको होता. विसंगती अशी की, तुकडे नकोत म्हणून शहरांना अडवायचं आणि अख्खं कापड मात्र विणायचंच नाही.

मार्च २०१७ मध्ये युव्हाल्डी काउंटीत एका पिकअप गाडीने चर्चच्या मिनीबसला समोरून धडक दिली. १३ ज्येष्ठ नागरिक मरण पावले. चालकाने आपण मेसेज करत होतो असं कबूल केल्याचं एका प्रत्यक्षदर्शीने सांगितलं आणि जूनमध्ये राज्याचा कायदा झाला. पुढच्या वर्षी केंद्रीय तपास यंत्रणेने अपघाताचं मूळ कारण नशा असल्याचं म्हटलं. तोवर कायदा लागू होऊन वर्ष झालं होतं. नवे गव्हर्नर ग्रेग ॲबट यांना शहरांचे फोनविषयक सगळेच नियम मोडीत काढायचे होते. तेवढं साधलं नाही. मेसेजपुरते स्थानिक नियम रद्द झाले, पण फोन हातात धरण्यावरची ऑस्टिनसारख्या शहरांची बंदी टिकली.

एवढा खटाटोप करून फरक पडतो का? २०१० मध्ये विमा कंपन्यांच्या एका संशोधन संस्थेने बंदी असलेल्या चार राज्यांतले अपघाताचे दावे शेजारच्या राज्यांशी ताडून पाहिले. दावे घटले नव्हते, चारपैकी तीन राज्यांत उलट किंचित वाढले होते. संस्थेचा अंदाज असा की लोक टाइप करायचे थांबत नाहीत, पोलिसाला दिसू नये म्हणून फोन स्टिअरिंगच्या वर धरायचा सोडून मांडीवर घेतात. नजर आणखी खाली जाते. रात्री सिग्नलला उभ्या गाड्यांकडे पाहिलं तर हे कळतं. मान खाली, हनुवटीवर निळसर उजेड, आणि सिग्नल हिरवा झाल्यावर मागच्याने हॉर्न वाजवल्याशिवाय गाडी हलत नाही.

पण याच सुमाराचा दुसरा प्रयोग पाहिला की चित्र पालटतं, आणि तो नेमका शहरातला आहे. एप्रिल २०१० पासून वर्षभर कनेक्टिकटमधल्या हार्टफर्ड आणि न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज या शहरांत केंद्रीय वाहतूक सुरक्षा खात्याने कडक धरपकडीच्या मोहिमा चालवल्या. हार्टफर्डमध्ये एक पोलीस रस्त्याकडेला नुसता उभा राहून गाड्यांत डोकावायचा आणि वायरलेसवरून पुढच्याला गाडीची खूण सांगायचा, पुढचा गाडी बाजूला घ्यायचा. तिथे फोन हातात धरणाऱ्यांचं प्रमाण ६.८ टक्क्यांवरून २.९ वर आलं. सिरॅक्यूजमध्ये सुमारे एक तृतीयांशाने घटलं. राज्याचा कायदा मोहिमेआधीही होताच, त्यात भर पडली ती चौकात उभ्या राहिलेल्या माणसाची. आणि चौक शहराचा असतो. माझ्या मते शहरांच्या बाजूने याहून भक्कम पुरावा नाही.

हाताला धरून लिहिलेल्या कायद्याची अडचण मात्र न्यायालयांत उघडी पडत राहिली. कॅलिफोर्नियात एका चालकाला फोनवर नकाशा पाहिल्याबद्दल दंड झाला. २०१४ मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द केला, कारण त्या कलमात मनाई फक्त फोनवर बोलण्या-ऐकण्याला होती. इंग्लंडमध्ये एकाने गाडी चालवता चालवता रस्त्यावरच्या अपघाताचं चित्रीकरण केलं. २०१९ मध्ये उच्च न्यायालय म्हणालं, हा संवाद नव्हे, म्हणून या कलमाखाली गुन्हा नाही. दोन्हीकडे कायदे बदलावे लागले, कॅलिफोर्नियात २०१७ पासून आणि इंग्लंडमध्ये मार्च २०२२ पासून. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने तर पोलिसाच्या डोळ्यांऐवजी रस्त्यावर उंच कॅमेरे लावले. डिसेंबर २०१९ पासून तीन महिने ताकीदपत्रं गेली आणि मार्च २०२० पासून दंड सुरू झाला.

अमेरिकेत २०२३ मध्ये मिझूरीने सगळ्या वयाच्या चालकांना मेसेजबंदी लागू केल्यावर राज्याचा कायदाच नसलेलं मोंटाना एकटं उरलं. तिथे बिलिंग्ज, मिझूला, बोझमन यांसारख्या शहरांनी आपापल्या बंद्या कधीच घातल्या होत्या. त्यामुळे बिलिंग्जमध्ये पावती मिळालेला चालक शहराची हद्द ओलांडून तोच मेसेज पुरा करू शकायचा, पोलिसाच्या देखत.