चान्स घ्यायचाय पण पॉलिसी नाही : हा घोळ मुळात आला कुठून

पुण्यात आता नवराबायकोने चान्स घ्यायचं ठरवलं की डॉक्टर कोणती याच्या आधी प्रश्न येतो तो आरोग्य विम्याच्या पॉलिसीत मॅटर्निटी, म्हणजे बाळंतपणाचा खर्च, आहे का. आणि ज्यांच्याकडे पॉलिसीच नाही त्यांना आत्येपासून ऑफिसातल्या मित्रापर्यंत सगळे सांगतात, मग आत्ता काढून टाका की. ते तसं का होत नाही, त्याची ही गोष्ट.

फार मागे जायचं कारण नाही. ससून 1867 पासून उभं आहे, पण बहुतेक बाळंतपणं घरी सुईणीच्या हातूनच व्हायची आणि खर्चाची सोय एकच, पहिलं बाळंतपण माहेरी. विमाच म्हणा ना, फक्त हप्ता मुलीच्या वडलांनी भरायचा. नंतर पेठांमधली छोटी प्रसूतिगृहं आली, खाली दवाखाना वर डॉक्टरांचं घर, तिथे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नाव घालायचं आणि ओळख असेल तर बिलातले थोडे कमी व्हायचे. कारखान्यातल्यांना 1948 च्या कायद्याने कामगार विमा मिळाला, 1961 च्या कायद्याने बाळंतपणाची पगारी रजा, ती 2017 ला 12 आठवड्यांची 26 झाली. पण कामगार विम्याला पगाराची मर्यादा आहे, 2017 पासून महिना 21 हजार. म्हणजे भोसरीत बावीस हजारावर लागलेला माणूस त्यात बसत नाही आणि बाणेरच्या हॉस्पिटलचं पॅकेज तर त्याला परवडतच नाही.

खरा घोळ 1986 पासून, मेडिक्लेम आला तेव्हापासून. त्यात बाळंतपण नव्हतंच. विमा अचानक येणाऱ्या गोष्टीचा असतो, अपेंडिक्स कोणी ठरवून फुगवत नाही, मूल मात्र ठरवून होतं, असा तो हिशोब. ज्यांना बाळंतपण जवळ आलंय तेच पॉलिसी घेणार, मग कंपनी चालणार कशी. ऐकायला बरोबर वाटतं, थोडंफार आहेही. नोकरी देणाऱ्या कंपन्या सगळ्या कर्मचाऱ्यांची मिळून जी ग्रुप पॉलिसी काढतात तीत मात्र जादा हप्त्यावर सोय ठेवली, पहिल्या दोन मुलांपुरती, 50 हजाराच्या आसपास आणि 9 महिने थांबायची अट. पुढे हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांनी ती अटही काढून घेतली आणि पुण्यात एक विचित्र गोष्ट झाली, नोकरी म्हणजेच पॉलिसी. नोकरी गेली की पाचव्या महिन्यातली बाई एका मेलवर विमा नसलेली होते.

2019 मध्ये विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी नियामकाने, पॉलिसीतून काय वगळायचं याची सगळ्या कंपन्यांची भाषा एकसारखी केली आणि प्रत्येक अटीला नंबर दिला. मॅटर्निटीला 18. मला ही अट फार बोचते. पॉलिसीत मॅटर्निटी वेगळी घेतलेली नसेल तर नॉर्मल, सिझर, गुंतागुंत सगळं बाहेर. गर्भ नळीत राहिला तर तेवढं मिळतं. आणि गर्भ आपोआप पडला तर? तोही बाहेर, अपघाताने पडला असेल तरच पैसे. आता सांगा, यात बाईने ठरवून काय केलं? ठरवून होतं म्हणून वगळलं हे कारण जिथे लागूच पडत नाही तिथेही तेच चालवलंय.

आणि मग तो वेटिंग पिरियड, म्हणजे पॉलिसी काढल्यावर क्लेम मिळेपर्यंत थांबायचा काळ. हा शब्द एकच आहे पण घड्याळं वेगवेगळी आहेत आणि निम्मे गैरसमज त्यातूनच. सुरुवातीचे 30 दिवस, ते अपघात सोडून सगळ्याला. आधीपासूनच्या आजाराचं वेगळं, ते 2024 मध्ये जास्तीत जास्त 48 महिन्यांवरून 36 वर आणलं. त्या वेळी व्हॉट्सअपवर सगळीकडे फिरलं की आता बाळंतपणालाही तीनच वर्षं. नाही हो. गरोदरपण हा आधीपासूनचा आजार धरतच नाहीत, तो अठरा नंबर निराळा, आणि मॅटर्निटी असलेल्या पॉलिसीत किती थांबायचं हे ज्या त्या पॉलिसीत लिहिलेलं असतं, कुठे 9 महिने कुठे दोन वर्षं कुठे चार. थायरॉइड किंवा बीपी मात्र आधीपासूनचा आजार धरतात. म्हणजे एकाच बाईची एकाच पॉलिसीत दोन घड्याळं चालू. एजंट हे फोडून सांगत नाही, आणि बत्तिसाव्या वर्षी पॉलिसी काढणारीला चार वर्षं थांब म्हणणं म्हणजे काय ते त्याला कळतही नसावं. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला, हप्ता हलका झाला, घड्याळ तेच.

पॉलिसी नसलेल्यांसाठी सरकारी बाजूने बरंच झालंय, त्याचा गाजावाजा कमी. 2011 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, तपासण्या, जेवण फुकट, आणि त्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला मोफत तपासणी. 2017 पासून पहिल्या मुलाच्या वेळी आईला 5 हजार. धर्मादाय हॉस्पिटलांनी 10 टक्के खाटा गरिबांना फुकट आणि 10 टक्के सवलतीत ठेवायच्या हे कोर्टाच्या आदेशाने 2006 पासून आहे, इमर्जन्सीत डिपॉझिट न मागता दाखल करायचं हेही त्यातच. तरी एप्रिल 2025 मध्ये पुण्यातच एका गरोदर बाईच्या नातेवाइकांनी हॉस्पिटलने 10 लाख डिपॉझिट मागितल्याचा आरोप केला, ती त्याआधीच गेली होती, मोर्चे निघाले, नोटिसा निघाल्या. नियम नवा नव्हता, फक्त तोवर फारसा कोणी वाचला नव्हता.

खासगीत पॅकेज ठरवताना नाजूक बाळाला ठेवतात त्या काचेच्या पेटीचा खर्च सहसा त्यात नसतो, बाळाला पेटीत ठेवलं की रोजचं बिल वेगळं, आणि बऱ्याच पॉलिसींत बाळ 90 दिवसांचं झाल्यावरच नाव लागतं. सरकारी दवाखान्यात आजारी बाळाचे उपचार आधी पहिले 30 दिवस फुकट होते, 2014 पासून ते वर्षभर केलेत.