सगळीच ‘वरची माती’ एक नसते

सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल-रावेरकडे, दगडगोट्यांची खदान संपत आली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: “वरची माती बाजूला ठेवलीय, परत टाकली की वावर तयार.” ते ऐकलं की मला राग येतो. ज्याला ‘वरची माती’ म्हणतात त्यात दोन वेगळ्या वस्तू असतात. एक सुपीक माती, दुसरी ओव्हरबर्डन.

सुपीक माती शेतकऱ्याला समजावायला नको. वरचा वीत-दीड वीत थर, ज्यात मुळं, गांडुळं, कुजलेला पाला आणि तणाचं बी असतं. त्याखाली गोटे लागेपर्यंत जे निघतं, पिवळट माती, चुनखडी, मुरूम, ते ओव्हरबर्डन. रंगावर जाऊ नका. तापीच्या गाळात दोन पुरुष खोलही माती वरच्यासारखीच दिसते. मुळं कुठे विरळ होतात आणि चुनखडीचे खडे कुठे सुरू होतात, ते बघा.

खरा घोळ होतो तो साठवताना. सुपीक माती नाशवंत आहे, ओव्हरबर्डन नाही. मुरमाचा ढीग दहा वर्षं पडला तरी मुरूमच राहतो. उतार नीट ठेवला आणि पावसाचं पाणी बाहेर काढलं की झालं. सुपीक मातीतले जीव मात्र हवेवर जगतात. ढीग उंच केला की पोटातली माती दबते, हवा संपते, जीव मरतात, बी कुजतं. गेल्या उन्हाळ्यात मी अशा एका वीस फुटी ढिगाच्या पोटात फावडं घातलं. वर काळी भुसभुशीत माती, आत निळसर राखाडी चिकट गोळा, त्याला गटारीसारखा वास. मालकाला ती अजूनही ‘काळी माती’च वाटत होती.

म्हणून ढीग दोन मीटरपेक्षा उंच नको. “जागा नाही” हे उत्तर मला मान्य नाही. एक एकराची फूटभर माती म्हणजे सुमारे 1,200 घनमीटर. खणल्यावर ती फुगते, बाजूंना उतार लागतो, तरी आठ-दहा गुंठ्यांत मावते. त्या ढिगावर ताग किंवा धैंचा पेरा, म्हणजे मुळं जिवंत राहतात आणि पावसाने माती धुपत नाही. त्याहून चांगलं म्हणजे ढीगच न करणं: नव्या तुकड्यावरून काढलेली माती त्याच दिवशी खदानीच्या संपलेल्या तुकड्यावर पसरणं. मी तर हाच मार्ग धरायला सांगतो.

काळी माती ओली असताना पोकलेन लावू नका. ती चिकण आहे, यंत्राच्या वजनाखाली विटेसारखी दाबली जाते. वाफसा येऊ द्या.

खदान परत भरतानाचा क्रम सगळ्यांना माहीत असतो: खाली ओव्हरबर्डन, वर सुपीक माती. मधलं काम मात्र राहून जातं. डंपरच्या चाकांनी दाबलेला मुरूम सबसॉयलरने (खोल फोडणाऱ्या नांगराने) दोन फूट फोडल्याशिवाय त्यावर माती टाकली, तर पहिल्याच मोठ्या पावसात पाणी तिथे अडतं आणि कपाशीची मुळं आडवी पळतात. फोडून झालं की लांबच्या टोकापासून माती टाकत मागे या, म्हणजे पसरलेल्या मातीवर डंपर परत चढणार नाही.