केस गळतात ते कालच्या कारणाने नव्हे

ऑक्टोबरमध्ये विंचरताना हातात झुबका आला की आपण संशयितही ऑक्टोबरमधलेच शोधतो: बदललेला शाम्पू, बोअरिंगचं पाणी, हेल्मेट, ऑफिसचा ताण. खरं कारण बऱ्याचदा जुलैत येऊन गेलेलं असतं. तेव्हा डेंगी झाला होता, आठवडाभर अंगात ताप होता, आणि आता तर सगळं ठणठणीत आहे! म्हणूनच त्या तापाचं नाव कुणी घेत नाही.

हा तीन महिन्यांचा उशीर कुठून येतो? डोक्यावर साधारण १ लाख केस असतात आणि प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं. केस २ ते ७ वर्षं वाढतो, महिन्याला जेमतेम १ सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवड्यांत त्याच्या मुळातली वाढ आवरती घेतली जाते आणि तो सुमारे १०० दिवस नुसता त्वचेत बसून राहतो. त्यानंतर गळतो. कोणत्याही दिवशी डोक्यावरचे साधारण १० टक्के, म्हणजे १० हजार केस असे बसलेले असतात. १०० दिवसांत १० हजार, म्हणजे दिवसाला १००. डॉक्टर 'रोज ५० ते १०० केस गळणं स्वाभाविक आहे' म्हणतात त्यामागे हे साधं गणित आहे.

तरी केस मोजत बसू नये. बुधवारी आणि रविवारी न्हाणाऱ्या बाईच्या मोरीच्या जाळीवर तीन-चार दिवसांचे सुटलेले केस एकदम येतात. त्यातून केस दोन फुटी असले तर तेवढ्याच केसांचं गुंतवळ भलं मोठं दिसतं. तिच्या भावाचे तितकेच केस उशीवर, टॉवेलवर, शर्टाच्या कॉलरवर पडतात आणि कुणाच्या नजरेतही भरत नाहीत.

गळलेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरी गाठ असते. ती बघून 'मुळासकट गेला' म्हणून जीव घाबरा होतो. पण ती गाठ म्हणजे मूळ नव्हे, विश्रांतीत गेलेल्या केसाचं वाळलेलं टोक. केस तयार करणारी पिशवी त्वचेतच राहते आणि बहुतेक वेळा तिच्यात नव्या केसाची तयारी सुरूही झालेली असते. उलट, दोन्ही टोकांना गाठ नसलेले आखूड तुकडे जास्त दिसले तर केस गळत नसून तुटताहेत. त्याची कारणं इस्त्री, ब्लीच, ओल्या केसांतून ओढलेली फणी अशी बहुधा बाहेरचीच असतात. तिथे रक्त तपासून सहसा काही हाती लागत नाही.

आता तापाकडे येऊ. मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा झटपट वजन उतरवणारं डाएट असा धक्का बसला की वाढीतले पुष्कळ केस एकाच वेळी विश्रांतीत जातात. त्या दिवशी आरशात काहीच दिसत नाही. १०० दिवसांनी ते सगळे एकदम बाहेर पडतात. १९६१ मध्ये आल्बर्ट क्लिगमन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने या प्रकाराला 'टेलोजेन एफ्लुव्हियम' असं नाव दिलं. कोविडच्या लाटा ओसरल्यावर तर घरोघरी त्याचा अनुभव आला. कारण एकदाच घडून गेलेलं असेल तर ही गळती साधारण सहा महिन्यांत आपोआप थांबते. त्या काळात जे तेल लावलेलं असतं, त्याला फुकटचं श्रेय मिळतं.

बाळ ओळखून हसायला लागलं की आईचे केस गळतात, असं आपल्याकडच्या आज्या म्हणतात. त्यांचं निरीक्षण अचूक आहे, फक्त बाळ निर्दोष आहे. गरोदरपणात इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढलेलं असल्याने केस वाढीतच रेंगाळतात आणि दाट दिसतात. बाळंतपणानंतर ते उतरतं, थांबलेले केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन ते चार महिन्यांनी गळू लागतात. बाळ हसू लागतं तेही याच सुमारास.

मग काळजी कधी करायची? २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये तीन-चार दिवसांत माणसांची डोकी मोकळी होऊ लागली. संशय आधी पाण्यावर गेला, शाम्पूवर गेला. पण इतक्या झपाट्याने केस जाणं ही विश्रांतीतल्या केसांची चाल नव्हे. वाढत्या केसाच्या मुळावरच काही तरी घाला घालतं तेव्हा असं होतं. केमोथेरपीतही केस दोन-तीन आठवड्यांत जातात ते याच कारणाने. बुलढाण्यात रुग्णांच्या नमुन्यांत सेलेनियम हे खनिज बरंच वाढलेलं आढळलं आणि विंचूदंशावरच्या कामासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. सेलेनियम शरीराला लागतं, पण रोज ५०-५५ मायक्रोग्रॅम. फार वाढलं तर केस आणि नखं दोन्ही जातात. तेव्हा काही दिवसांत डोकं विरळ झालं तर तेल बदलून बघू नये, दवाखाना गाठावा.

दुसरा प्रकार याच्या अगदी उलट, मुकाट चालणारा. टक्कल पडताना फणीत फार केस येतातच असं नाही. प्रत्येक फेरीत उगवणारा केस आधीपेक्षा बारीक आणि आखूड होत जातो. पुरुषांत कपाळाचे कोपरे मागे सरकतात, बायकांत भांग रुंदावतो. गळती मोजणाऱ्याला हे समजतच नाही, जुना फोटो शेजारी ठेवला की समजतं. इथे थांबण्यात नुकसान आहे, कारण उपचारांनी आहेत ते केस टिकवता येतात, पण गेलेले सगळे परत आणता येत नाहीत. बाईचा भांग रुंदावतोय, पाळी अनियमित आहे आणि हनुवटीवर राठ केस येताहेत, अशा वेळी संप्रेरकांची तपासणी व्हायलाच हवी.

चाई पडली, म्हणजे नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा दिसला, तर शरीराचीच प्रतिकारशक्ती केसाच्या मुळांवर उलटलेली असते. लहान मुलाच्या डोक्यावर चट्ट्यासोबत कोंडा आणि तुटके केस असतील तर बहुधा बुरशीचा संसर्ग. त्याला नुसतं मलम पुरत नाही, पोटात गोळी लागते. डोक्याची त्वचा लाल होऊन दुखत असेल, पू येत असेल किंवा चकचकीत होऊन केसांची छिद्रंच दिसेनाशी झाली असतील, तर एक आठवडाही वाट पाहू नका. तिथे व्रण होऊन मूळ कायमचं जातं.

सहा महिन्यांपेक्षा जास्त चाललेल्या गळतीत हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, हे ध्यानात घेतलं तर लोहाची तपासणी आधी आणि महागडं सीरम नंतर, हा क्रम पटेल. केसांसाठी म्हणून बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या सर्रास खाल्ल्या जातात, पण त्याची खरी कमतरता विरळा. शिवाय मोठ्या मात्रेतलं बायोटिन थायरॉइडच्या काही चाचण्यांचे आकडे चुकवतं. तेव्हा रक्त द्यायला जाण्याआधी ती गोळी चालू आहे हे डॉक्टरांना सांगा. ते ती काही दिवस बंद ठेवायला सांगतील.